ईमेल सर्व्हर सांभाळायला शिकताय? परिषदांमधले कोणते व्हिडिओ पाहावेत आणि कसे

नागपुरात ईमेल सर्व्हरचं काम बहुतेकांकडे आडवाटेनं येतं. हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात नेटवर्क बघणारा, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलचा सिस्टिम सांभाळणारा, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा लॅब असिस्टंट. आधीचा माणूस नोकरी बदलून पुण्याला जातो आणि पासवर्डची वही याच्या टेबलावर येते. शिकवणारं आसपास कुणी नसतं. यूट्यूबवर 'मेल सर्व्हर' शोधलं की 'वीस मिनिटांत सर्व्हर उभा करा' छापाचे शेकडो व्हिडिओ निघतात. त्यांनी सर्व्हर उभा राहतो, पण मेल जीमेलच्या स्पॅममध्ये का पडलं, पाठवायच्या पत्रांची रांग म्हणजे क्यू का तुंबली, आपल्या डोमेनच्या नावानं भलत्याच कुणी पत्र कसं पाठवलं, हे त्यांतून कळत नाही.

हे कळतं ते परिषदांमधल्या भाषणांतून. मुक्त सॉफ्टवेअरची ब्रुसेल्समधली परिषद फॉसडेम, जर्मनीतल्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेची वर्षअखेरची परिषद, यूझनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या परिषदा, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठका, या सगळ्यांची रेकॉर्डिंग फुकट आणि कायदेशीर मिळतात. अडचण निवडीची आणि पाहण्याच्या पद्धतीची आहे. नुसतं पाहून या विषयात काही हाती लागत नाही. प्रत्येक व्हिडिओमागे लॅबमध्ये तोच प्रयोग करून पाहिला तर चार-पाच भाषणंही वर्षभर पुरतात, म्हणून आधी लॅबची तयारी आणि मग व्हिडिओ.

पॅरामीटर आणि कमांडची नावं पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, अंडरस्कोरसह लिहायची.

पायरी १: आधी तारीख बघा

भाषण कोणाचं आहे यापेक्षा ते कधीचं आहे हे आधी बघा. एसएमटीपी म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती पद्धत. तिचं मूळ संभाषण १९८२ पासून तेच आहे: हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा. ते समजावणारं जुनं भाषण आजही चालतं. पण पत्र पोचेल की नाही हे ठरवणारे नियम बदललेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लावले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ (या डोमेनचं मेल कोणत्या आयपी पत्त्यांवरून येऊ शकतं याची यादी), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींपैकी एकही 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं याचं धोरण) तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ पासून आउटलुकच्या घरगुती खात्यांसाठी असेच नियम आणले. त्यामुळे २०१८ च्या भाषणात वक्ता 'डीमार्क ऐच्छिक आहे' म्हणत असेल तर तेव्हाचं ते बरोबर होतं, आज नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. मेलबॉक्समधली पत्रं वापरणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या डव्हकॉट या सॉफ्टवेअरच्या, जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीची कॉन्फिगरेशन फाइल २.३ पेक्षा इतकी वेगळी आहे की जुन्या स्लाइडवरून उतरवलेली फाइल सर्व्हर सुरूच होऊ देत नाही. २.४ मध्ये फाइलच्या सुरुवातीलाच 'डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' लिहावं लागतं. डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती १२ मध्ये २.३ आहे आणि १३ मध्ये २.४, म्हणून व्हिडिओ २०२५ पूर्वीचा असेल तर डव्हकॉटचा भाग लॅबमधल्या डेबियन १२ वरच करून पाहा. डीमार्कच्या जुन्या भाषणांत 'पीसीटी' टॅग वापरून धोरण टक्क्याटक्क्यानं वाढवायला सांगतात. आयईटीएफच्या सुधारित डीमार्कमधून तो टॅग काढून टाकलाय, तेव्हा तेवढा भाग सोडून द्या.

पायरी २: लॅब, दोन मशीन

डेबियन बसवलेली दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे दोन आभासी संगणक, पुरतात. प्रत्येकाला १ जीबी मेमरी, १५ जीबी डिस्क. लॅपटॉप ८ जीबीचा असला तरी आरामात चालतं. क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर मात्र लॅबमध्ये टाकू नका. त्याच्या व्हायरस-याद्याच १ जीबीहून अधिक मेमरी खातात आणि मशीन गुदमरलं की दोष पोस्टफिक्सचा, म्हणजे मेल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, वाटतो. एका मशीनचं नाव बर्डी ठेवा, दुसऱ्याचं हिंगणा, आणि डोमेन अनुक्रमे 'बर्डी डॉट टेस्ट' आणि 'हिंगणा डॉट टेस्ट'. 'टेस्ट' हे शेवटचं नाव चाचणीसाठीच राखून ठेवलेलं आहे. चुकून मेल बाहेर जायला निघालं तरी ते खऱ्या कुणाच्या दारात जाणार नाही.

बहुतेक नवशिके अडकतात ते इथेच. दोन्ही मशीनचे पत्ते होस्ट्स फाइलमध्ये लिहिले, पिंग चालला, तरी पोस्टफिक्स म्हणतो होस्ट सापडला नाही. याचं कारण, पोस्टफिक्सचा पाठवणारा भाग मूळ सेटिंगमध्ये होस्ट्स फाइल वाचतच नाही, तो डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या यादीला, एमएक्स (त्या डोमेनचं मेल कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) विचारतो. म्हणून एका मशीनवर अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर (नावांची उत्तरं शोधून देणारा प्रोग्राम) बसवा आणि त्यात दोन्ही डोमेनचे एमएक्स, ए (आयपी पत्ता) आणि टीएक्सटी (मजकूर) रेकॉर्ड लिहा. अनबाउंडमध्ये 'टेस्ट' झोन स्वतः घोषित करावा लागतो, नाहीतर तो 'असं नावच नाही' असं ठाम उत्तर देतो.

डेबियनवर आणखी एक गोष्ट आडवी येते. पोस्टफिक्सचे काही भाग क्रूट कोंडीत, म्हणजे बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये, चालतात आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता असलेल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलची वेगळी प्रत त्या कोंडीत ठेवलेली असते. मूळ फाइल बदलली तरी ती प्रत जुनीच राहते. डीएनएसचा पत्ता बदलल्यावर पोस्टफिक्स रिलोड नव्हे, रीस्टार्ट करा, म्हणजे नवी प्रत होते.

डेबियन १२ वर मेल डॉट लॉग फाइल दिसत नाही म्हणून घाबरू नका. तिथे लॉग फाइलमध्ये लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, सगळे लॉग सिस्टिमच्या जर्नलमध्ये जातात. आरसिसलॉग बसवून घ्या. व्हिडिओतले वक्ते लॉगची फाइल दाखवतात तेव्हा तुमच्याकडेही तशीच असलेली बरी.

शेवटी स्वॅक्स बसवा. एसएमटीपीच्या चाचणीसाठी यापेक्षा सोयीचं हत्यार नाही. बर्डीवरून हिंगण्याला आणि हिंगण्यावरून बर्डीला एकेक साधं पत्र गेलं, दोन्हीकडच्या लॉगमध्ये 'स्टेटस=सेंट' दिसलं, की लॅब तयार. त्याच घडीला दोन्ही मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीला परत येता येईल अशी प्रत, घ्या. पुढचा प्रत्येक व्हिडिओ या स्नॅपशॉटवरून सुरू करायचा.

घरच्या ब्रॉडबँडवरून खऱ्या जगात मेल पाठवून बघण्याच्या फंदात पडू नका. बहुतेक घरगुती जोडण्यांवर सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं पोर्ट २५ बाहेर जायला बंद असतं, आणि उघडं असलं तरी घरगुती आयपी पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांनी थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांची यादी) आधीच असतात. क्लाउडवर मशीन घेतलं तरी बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात आणि ते उघडायला अर्ज करावा लागतो.

पायरी ३: पहिला व्हिडिओ एसएमटीपी स्मगलिंगचा

नवशिक्यानं हल्ल्याच्या भाषणापासून सुरुवात का करावी, असं वाटेल. कारण हे एक भाषण समजून घेताना एसएमटीपी, एसपीएफ, डीमार्क, पोस्टफिक्सची आवृत्ती आणि सुरक्षा दुरुस्त्यांचं वेळापत्रक हे सगळं एकाच धाग्यात ओवलं जातं. 'एसएमटीपी स्मगलिंग' हे टिमो लाँगिन यांचं भाषण केऑस क्लबच्या ३७सी३ परिषदेत, डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बुर्गला झालं. केऑस क्लबच्या मीडिया संकेतस्थळावर ते आहे. तिथून व्हिडिओ उतरवून घेता येतो, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही.

गाभा असा. पत्राचा मजकूर संपला हे सांगायला एसएमटीपीत सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अदृश्य अक्षरं), मग एकटं टिंब, मग पुन्हा सीआर-एलएफ असा क्रम ठरलेला आहे. काही सर्व्हर नुसतं एलएफ, टिंब, सीआर-एलएफ आलं तरी पत्र संपलं समजायचे. पाठवणारा सर्व्हर त्या अर्धवट खुणेला साधा मजकूर समजून जसाच्या तसा पुढे ढकलतो आणि घेणारा तिथे पत्र तोडतो. तोडल्यानंतरचा मजकूर मग नव्या एसएमटीपी आज्ञा म्हणून वाचला जातो, म्हणजे एका पत्राच्या पोटातून दुसरं पत्र निघतं. दुसऱ्या पत्रात 'मेल फ्रॉम' कुणाचाही लिहिता येतो. ते खऱ्या, मोठ्या सेवेच्या आयपीवरून आलेलं असतं. त्या सेवेवर हजारो डोमेन असतात आणि त्या सगळ्यांच्या एसपीएफमध्ये तोच आयपी असतो, त्यामुळे एसपीएफ पास, आणि एसपीएफच्या जोरावर डीमार्कही पास.

व्हिडिओ पहिल्यांदा न थांबता पाहा. दुसऱ्यांदा स्लाइड वेगळ्या खिडकीत उघडून, वेग ०.७५ वर ठेवून पाहा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: वक्त्यानं नाव घेतलेला प्रत्येक पॅरामीटर, ज्या आवृत्तीबद्दल तो बोलतोय ती आवृत्ती, आणि पडद्यावर दिसलेली लॉगची ओळ. बाकी टिपणांची गरज पडत नाही.

मग प्रयोग. हिंगण्यावर आधी आवृत्ती बघा: पोस्टकॉन्फ मेल_व्हर्जन. पोस्टफिक्सनं या हल्ल्यावर उपाय म्हणून 'एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन' हा पॅरामीटर ३.८.४, ३.७.९, ३.६.१३ आणि ३.५.२३ मध्ये आणला, पुढच्या दुरुस्तीत त्याला 'नॉर्मलाइझ' ही किंमत मिळाली आणि ३.९ पासून तीच मूळ किंमत आहे. म्हणजे ३.८ किंवा त्याआधीच्या शाखेवर तो आपणहून चालू नसतो, स्वतः लिहावा लागतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण 'मी अपडेट केलंय, म्हणजे झालं' असं समजून बसलेले सर्व्हर अजून बरेच आहेत.

लॅबमध्ये आधी हा पॅरामीटर 'नो' करा. ३.९ किंवा पुढची आवृत्ती असेल तर उत्तराची वाट न बघता आज्ञा पाठवणाऱ्याला तोडणारा 'एसएमटीपीडी_फॉरबिड_अनऑथ_पाइपलाइनिंग' सुद्धा 'नो' करा. बर्डीवरून प्रिंटएफ (मजकूर हवा तसा लिहिणारी कमांड) आणि नेटकॅट (तो थेट पोर्टवर पाठवणारी कमांड) वापरून पत्र पाठवा, मजकुरात एलएफ-टिंब-सीआर-एलएफ घाला आणि त्यापुढे दुसऱ्या पत्राच्या आज्ञा लिहा. पायथनच्या एसएमटीपी लायब्ररीनं हा प्रयोग होत नाही, ती ओळींचे शेवट आपणहून दुरुस्त करते. आज्ञांच्या मध्ये एकेक सेकंद थांबा. हिंगण्यावर एकाऐवजी दोन पत्रं आली की भाषणाचा पहिला अर्धा भाग तुमच्या हातात आला.

आता 'नॉर्मलाइझ' करून पुन्हा पाठवा. एकच पत्र यायला हवं. तरीही दोन आली तर बहुधा 'मायनेटवर्क्स', म्हणजे सर्व्हरच्या विश्वासातल्या पत्त्यांची यादी, आडवी आलीय: त्या यादीतल्या पत्त्यांना हा नियम मूळ सेटिंगनुसार लागूच होत नाही. हाच प्रयोग हिंगण्यावर बसून लोकलहोस्टवरून केला, किंवा 'मायनेटवर्क्स_स्टाइल' सबनेट, म्हणजे त्याच नेटवर्कमधले सगळे पत्ते, ठेवल्यानं बर्डीही त्या यादीत आलं, तर दुरुस्ती असूनही नसल्यासारखी वाटते. चाचणी नेहमी यादीबाहेरच्या पत्त्यावरून करा. दुसरी गडबड उलट्या बाजूची: एलएफ-टिंब-एलएफ लिहून पत्र संपवलं तर सर्व्हर शांतपणे वाट बघत राहतो आणि शेवटी टाइमआउट होतो. ते बिघडलेलं नाही, अपेक्षितच आहे. ऑफिसातला जुना स्कॅनर किंवा बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र असंच चुकीचं एलएफ पाठवत असेल तर त्याचे मेल अचानक बंद पडतात. अशा यंत्राचा एकच पत्ता 'एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन_एक्सक्लूजन्स' मध्ये घाला, सगळं सबनेट घालू नका.

हा सगळा प्रयोग फक्त आपल्या दोन मशीनमध्ये. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असं करून बघणं गुन्हा आहे, हेतू शिकण्याचा असला तरी.

पायरी ४: एसपीएफ, डीकिम, डीमार्क एकमेकांशी कसे भांडतात

यूझनिक्स सिक्युरिटी २०२० मध्ये जियानजुन चेन, व्हर्न पॅक्सन आणि जियान जियांग यांचा 'कॉम्पोझिशन किल्स' हा निबंध सादर झाला. त्याचं सादरीकरण छोटं आहे आणि निबंधही त्याच पानावर फुकट मिळतो. त्याच वर्षी ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत हेच काम मोठ्या भाषणात मांडलं गेलं. वेळ कमी असेल तर यूझनिक्सचं पाहा आणि निबंधातल्या आकृत्या वाचा.

यातला धडा थेट आपल्या कामाचा आहे. एसपीएफ तपासणारा एक भाग, डीकिम तपासणारा दुसरा, निकाल जोडणारा तिसरा आणि माणसाला 'कोणाकडून' दाखवणारा चौथा. या चौघांनी एकच हेडर (पत्राच्या माथ्यावरची 'फ्रॉम'सारखी ओळ) वेगवेगळ्या तऱ्हेनं वाचलं की खोटं पत्र खरं ठरतं. उदाहरणार्थ, पत्रात दोन 'फ्रॉम' हेडर असले तर डीमार्क पहिला तपासतो आणि मेल क्लायंट (पत्र वाचायचा प्रोग्राम) दुसरा दाखवतो, असं होऊ शकतं. किंवा डीकिमच्या सहीतल्या डोमेनच्या नावात कंस घालायचा: डीएनएसचा प्रश्न हल्लेखोराच्या डोमेनकडे जातो, पण निकालाचं हेडर वाचणारा कंसातला भाग टिप्पणी समजून सोडतो आणि उरतं ते बँकेचं नाव.

प्रयोग सोपा आहे. हिंगण्यावर आरस्पॅमडी हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम बसवा. त्याला रेडिस हा डेटाबेस लागतो, तो आधी बसवा. मग स्वॅक्सनं दोन 'फ्रॉम' असलेलं पत्र पाठवा आणि आरस्पॅमडीनं कोणती चिन्हं लावली, किती गुण दिले ते लॉगमध्ये पाहा. पुढे थंडरबर्ड या मेल क्लायंटमध्ये तेच पत्र उघडून कोणतं नाव दिसतं ते पाहा. खऱ्या सर्व्हरवर एकाहून जास्त 'फ्रॉम' असलेलं पत्र सरळ नाकारायला हरकत नाही, प्रामाणिक पत्रात ते कधी नसतं.

पायरी ५: स्टार्टटीएलएस

यूझनिक्स सिक्युरिटी २०२१ मधलं पोडेब्नियाक, इझिंग, ब्योक आणि शिंझेल यांचं काम. शीर्षकच सांगतं की स्टार्टटीएलएसशिवाय टीएलएस, म्हणजे जोडणीला लागणारं सांकेतिक कुलूप, बरं. स्टार्टटीएलएस म्हणजे आधी उघड्यावर बोलणं सुरू करून मग कुलूप लावणं. या पद्धतीत त्यांना ४० हून जास्त दोष सापडले. तपासलेल्या २८ क्लायंटपैकी फक्त ३ आणि २३ सर्व्हरपैकी फक्त ७ निर्दोष निघाले.

तुमच्यासाठी कृती एकच: माणसांच्या मेल क्लायंटना पोर्ट ४६५ (पाठवायला) आणि ९९३ (वाचायला) द्या, जिथे पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं. त्याच कामांची स्टार्टटीएलएसवाली पोर्ट ५८७ आणि १४३ हळूहळू बंद करा. हळूहळू का, तर ऑफिसातल्या प्रिंटरवर आणि साहेबांच्या जुन्या फोनवर ५८७ भरलेलं असतं आणि ते कुणालाच आठवत नसतं. महिनाभर लॉगमध्ये ५८७ वरून लॉगिन करणारी खाती वेगळी काढा, एकेकाला भेटून बदला, मग बंद करा. सर्व्हर-सर्व्हरमधल्या पोर्ट २५ वर मात्र स्टार्टटीएलएस राहणारच. हे भाषण ऐकून तिथलं टीएलएस काढू नका. हा गैरसमज खरोखर होतो.

पायरी ६: पत्र पोचण्याची भाषणं, आणि त्यांत आपल्याकडे काय बदलतं

इथे एम३एएडब्ल्यूजी ही मेल कंपन्यांची स्पॅमविरोधी संस्था महत्त्वाची. तिच्या बैठका सदस्यांपुरत्या असतात, पण प्रशिक्षणाचे काही व्हिडिओ खुले आहेत आणि सोबतच्या शिफारसपत्रिकाही खुल्या आहेत. डीमार्कची त्यांची जुनी प्रशिक्षण मालिका संकल्पना समजायला अजून उत्तम आहे. नियमांचे आकडे तिच्यातून घेऊ नका, ते पायरी १ मध्ये दिलेत.

पाहताना आपल्याच एखाद्या ग्राहकाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवा. समजा, कळमना मार्केटमधला संत्र्याचा व्यापारी. त्याचा रोजचा मेल एका सेवेवर, बिलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून, दिवाळीच्या शुभेच्छा तिसऱ्याच कंपनीकडून. तिघांचे 'इन्क्लूड' (यांचीही यादी धरा असं सांगणाऱ्या नोंदी) एसपीएफमध्ये टाकले की डीएनएसच्या चौकश्या १० च्या मर्यादेबाहेर जातात, निकाल 'पर्मएरर' (कायमची चूक) येतो आणि बिलं स्पॅममध्ये पडतात. बहुतेक वक्ते १० चा नियम सांगतात, पण आतल्या इन्क्लूडमधल्या चौकश्याही त्यातच मोजल्या जातात हे चटकन सांगून पुढे जातात. तिथे व्हिडिओ थांबवा आणि आपल्या डोमेनची मोजणी हातानं करा.

डीकिमची किल्ली २०४८ बिटची करा. तिचा टीएक्सटी रेकॉर्ड २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, दोन तुकडे करावे लागतात. स्वस्त डोमेन विक्रेत्यांची पॅनेलं हे तुकडे कधी मध्येच कापतात, कधी त्यात जादा अवतरणचिन्हं घालतात. रेकॉर्ड टाकल्यावर डीएनएसला विचारणाऱ्या डिग कमांडनं तो बाहेरून वाचून अक्षरं ताडून पाहा.

आणि स्पॅमहाउस. कित्येक भाषणांत एका ओळीत तिची 'झेन' यादी (मेल घेऊ नये अशा पत्त्यांची) जोडून दाखवतात. वक्त्याकडे स्वतःचा रिझॉल्व्हर असतो, तुमच्याकडे बहुधा गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ असतो. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं की स्पॅमहाउस यादीचं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा कोड देतो. पोस्टफिक्सला कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' वाटतं आणि तो येणारं प्रत्येक पत्र परत पाठवतो. सोमवारी सकाळी ऑफिसात एकही मेल न येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. सर्व्हरवरच अनबाउंड चालवा, आणि यादी जोडताना १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरा.

युरोपातल्या वक्त्यांचं लॉगबद्दलचं बोलणं मात्र इथे तसंच उचलू नका. तिकडे गोपनीयतेच्या कायद्यामुळे लॉग थोड्या दिवसांत पुसण्याकडे कल असतो. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावं लागतं. डेबियनवर लॉगरोटेट हा प्रोग्राम मेलच्या लॉगची फाइल दर आठवड्याला बदलतो आणि जुन्या ४ च ठेवतो. तो आकडा २६ करा, म्हणजे १८२ दिवस होतात. डिस्क किती लागेल याचा अंदाज एका आठवड्याच्या दाबलेल्या फाइलच्या आकारावरून काढा.

नंतर पाहायचं

फॉसडेममध्ये २०२४ पासून 'मॉडर्न ईमेल' नावाचं वेगळं दालन होतंय. प्रत्येक भाषणाच्या पानावर व्हिडिओ आणि स्लाइड दोन्ही असतात. जेमॅप ही मेल वाचण्याची नवी पद्धत, नवे सर्व्हर, एरोग्रामसारखा अनेक ठिकाणी पसरलेला आयमॅप (मेलबॉक्स वाचण्याची रूढ पद्धत) सर्व्हर, असं बरंच काही तिथे आहे. हे सगळं रंजक आहे, पण पहिल्या तीन महिन्यांत नको. ज्याला पोस्टफिक्सची क्यू वाचता येत नाही त्यानं पसरलेल्या साठवणुकीत शिरलं की दोन्ही अर्धवट राहतात. फॉसडेम जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी असते आणि थेट प्रक्षेपणही असतं. तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे दुपारचे १:३०. रविवारी कॉलेजची लॅब मिळत असेल तर चार-पाच जणांनी मिळून बघण्यासारखी वेळ आहे. एकानं भाषण ऐकायचं, दुसऱ्यानं प्रयोगाच्या आज्ञा टिपायच्या, अशी वाटणी केली तर इंग्रजी उच्चारांचा त्रासही निम्मा होतो.

केऑस क्लबच्या ३५सी३ परिषदेतलं, २०१८ चं, सांकेतिक मेल फोडणाऱ्या ई-फेल हल्ल्यावरचं भाषण प्रसिद्ध आहे, पण तो प्रश्न मुख्यतः मेल क्लायंटचा आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यानं ते शेवटी पाहिलं तरी चालेल. सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठीची यूझनिक्सची लिसा परिषद २०२१ नंतर बंद झाली. तिची जुनी भाषणं खुली आहेत आणि त्यांत देखरेख, बॅकअप, रात्री-अपरात्री येणारे फोन यांवरचं जे आहे ते जुनं झालेलं नाही. आयईटीएफच्या बैठका वर्षातून तीनदा होतात. त्यांची रेकॉर्डिंग नवख्याला जड जातात, कारण तिथे वाद मसुद्याच्या एकेका वाक्यावर चालतो. एखादा विशिष्ट प्रश्न पडला, जसं डीकिमची सही असलेलं खरं पत्र कुणीतरी पुन्हापुन्हा हजारोंना पाठवतंय, तर डीकिम गटाचं तेवढं सत्र शोधून, आधी त्याच्या स्लाइड वाचून मग पाहा.

देवनागरी पत्त्यांसाठी

मराठी संस्थांकडून आता ही मागणी येऊ लागली आहे: पत्ता पूर्ण देवनागरीत, डोमेन 'डॉट भारत'. हे डोमेन २०१४ पासून मिळतं. २०२३ पासून दरवर्षी होणाऱ्या युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स डेच्या (सगळ्या लिप्यांतली नावं इंटरनेटवर सगळीकडे चालावीत यासाठीच्या दिवसाच्या) निमित्तानं या विषयावरची भाषणं खुली होतात, त्यांतली मेल सर्व्हरवरची निवडून घ्या. सर्व्हरच्या बाजूनं पोस्टफिक्स ३.० पासून एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे इतर लिप्यांतल्या पत्त्यांची सोय, आहे. 'एसएमटीपीयूटीएफ८_एनेबल' चालू आहे का ते पोस्टकॉन्फनं बघा. लॅबमध्ये बर्डीवर देवनागरी नावाचं खातं उघडा आणि हिंगण्यावर तो पॅरामीटर 'नो' करून तिकडे पत्र पाठवा. ते बाउन्स होऊन परत येईल, कारण पुढचा सर्व्हर हे समजत नसेल तर पत्ता रोमनमध्ये बदलून पाठवण्याची कुठलीही सोय या पद्धतीत नाही. म्हणून अशा प्रत्येक ग्राहकाला देवनागरी पत्त्यासोबत एक रोमन पत्ताही त्याच मेलबॉक्सला जोडून द्या, आणि ज्यांच्याकडे पत्र बाउन्स झालं त्यांना रोमन पत्त्यावरून पत्र पाठवा, असं ग्राहकाला सांगा.